पूर्ण बाह्यांचं जाकिट

प्रवासाला कसलं जॅकेट न्यावं, हे आमच्या घरात आता मलाच विचारतात. परवा भावाच्या नातीने फोन केला. तिला पुण्यात नोकरी लागली आहे. म्हणाली, "आज्जी, तिथे या दिवसांत थंडी असते का गं?" मी म्हटलं, थंडी असतेही आणि नसतेही, तीच तर पंचाईत. कापूस भरलेलं घेऊ नकोस, दुपारी काखेत मारून हिंडावं लागेल. पातळ घे, पण वारा अडवणारं, एखादी सर झेलणारं. आत स्वेटर मावेल इतकं सैल. चेन गळ्यापर्यंत येणारी, बटणं नकोत. आतल्या अंगाला खिसा हवा. रंग मळखाऊ. गुंडाळलं की पिशवीच्या कोपऱ्यात बसलं पाहिजे. पोरगी हसली. "तू तर आता तंजावर सोडून कुठे जात नाहीस, तुला एवढं कसं ठाऊक?" मी म्हटलं, शिकले एकदा. कुणाच्या जिवावर शिकले ते फोनवर सांगितलं नाही. ते इथं लिहिते, कारण ही गोष्ट मी चाळीस वर्षं लोकांना हसवायला सांगत आले आणि दर वेळी खोटी सांगत आले.

आधी एक शब्द समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं कळेल. आमच्या तंजावरात जाकिट म्हणजे साडीवर घालायचं ते. तुम्ही त्याला ब्लाउज म्हणता, तुमच्या आज्या पोलकं म्हणायच्या. इथल्या तमिळ बायका जाकेट म्हणतात, आम्ही मराठी बायका जाकिट. थंडीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, कारण थंडीचा आमच्याशीच संबंध नाही. मार्गळी महिन्यात, म्हणजे तुमच्या मार्गशीर्षात, पहाटे पुरुषांनी कानाला टॉवेल गुंडाळले की आमचा हिवाळा साजरा झाला. माझी अम्मा आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या बायकांची जाकिटं शिवायची. तिला रस्त्यात सगळे जाकिट-मामी म्हणत, आणि ती ओ देई. पुढच्या खिडकीपाशी तिचं पायाचं शिवणाचं मिशन होतं. सकाळी तिरुवैयारूच्या बसचा हॉर्न, मग दूधवाल्याची घंटा, मग अम्माचं मिशन, अशा क्रमाने आमचा दिवस सुरू व्हायचा. मिशन थांबलं की समजायचं, ती स्वैपाकघरात गेली आणि आता फोडणीचा वास येणार. आंबट भाजी, भात, डांगर पचडी. पापनाशमकडून एक ओळखीचा माणूस तांदूळ आणून टाकायचा, तो नवा असला तर अम्मा भात उतरवताना पुटपुटायची, की हा गिचका होणार. कापडाच्या चिंध्या घरभर असायच्या. माझ्या वहीत, अप्पांच्या चपलेत, एकदा तर पचडीत निघाली. अप्पा कालव्यांच्या खात्यात कारकून होते आणि चिंध्यांबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. तक्रार करायचा त्यांचा स्वभावच नव्हता. घरातलं शहाणपण सगळं माझ्याकडे होतं, असं मला वाटायचं.

वाटायला कारणही होतं. आमच्या घरी मराठी बोलत सगळे, पण वाचत कोणी नव्हतं. अप्पांना तमिळ आणि इंग्रजी येई. अम्माला तमिळ लिपी येई, तीही हिशेबापुरती आणि पत्रापुरती. मी शाळेत असताना बाहेरून हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे बाळबोध अक्षरं मला वाचता यायची. बास, एवढ्यावर मी घरातली पंडिता झाले. पाहुणे आले की अप्पा मला जुनं पंचांग वाचायला लावत. पाहुण्यांना अर्थ कळायचा नाही आणि मलाही अर्धाच कळायचा, पण कोणी विचारायचं नाही. आंधळ्यांच्या गावात काणी राणी, दुसरं काय. अम्मा मिशन थांबवून ऐकायची, हातातली कात्री तशीच धरून. तिला माझं कौतुक होतं. ते मला पुढे फार जड गेलं.

माईआत्या अप्पांच्या आत्येबहीण. जन्म इथलाच, या रस्त्यापासून दोन रस्ते सोडून. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन पुण्याला गेल्या, तिथे शाळेत मुख्याध्यापिका झाल्या, विधवा झाल्या, निवृत्त झाल्या, आणि मग त्यांची दृष्टी जाऊ लागली. त्यांना वाचून दाखवायला मुलगी हवी होती. घरातली, विश्वासाची आणि मराठी वाचणारी. बदल्यात त्या तिला ठेवून घेणार, कॉलेजात घालणार. अप्पांनी मोठ्या अभिमानाने कळवलं की आमची मुलगी फाडफाड मराठी वाचते. माझं बी.ए. पुढे होणार की इथेच कुणाच्या तरी गळ्यात बांधली जाणार, हे त्या एका 'फाडफाड'वर ठरायचं होतं. आत्यांचं उत्तर आलं. कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं, जोडाक्षरांनी भरलेलं. एक महिना ठेवून बघते, मग ठरवू, असं त्यात होतं. आणि शेवटी हे होतं: "येताना एक बरंसं जॅकेट आण. नीट पारखून घे. फार जाड नको, फार पातळ नको. सध्या इथली हवा लहरी आहे, घटकेत ऊन, घटकेत सर. बाह्या पूर्ण असाव्यात. आत काही घालता येईल इतकं सैल असावं. गळा बंद होणारा असल्यास उत्तम. रंग मळखाऊ. तू आलीस की आम्ही सगळ्या सिंहगडावर जाणार आहोत."

मी ते मोठ्याने वाचलं, पंचांग वाचायच्या सुरात. अम्माने मिशन थांबवलं. तिचं बोलणं मी इथं तुमच्या वळणाने सरळ करून लिहिते आहे. जसंच्या तसं लिहिलं तर तुम्ही 'किती गोड' म्हणाल, आणि ते 'किती गोड' मी पुरेसं ऐकलं आहे. ती म्हणाली, "पूर्ण बाह्या? बंद गळा? पुण्याच्या बायका फारच सोवळ्या दिसतात." मग थोडं थांबून म्हणाली, "आत काही घालता येईल म्हणते. जाकिटाच्या आत जे घालायचं ते घालणारच की बाई, ते लिहून कशाला कळवायचं? तिथल्या हवेचंही लिहिलंय. अगं, हे आपलं जाकिट नसेल. ते साहेबलोक घालतात तसलं, थंडीचं, कोटासारखं असेल. इंग्रजीत त्यालाही जाकिटच म्हणतात ना?"

मी काय उत्तर दिलं ते नीट ऐका, कारण सगळी मेख तिथे आहे. मी म्हटलं, "अम्मा, पत्र इंग्रजीत आहे का? मराठीत आहे. मराठीत जाकिट म्हणजे जाकिट. तुला अक्षर वाचता येत नाही, तू मला मराठी शिकवू नकोस."

अम्मा उठली आणि पेटीतून तिची अरक्कू रंगाची रेशमी साडी काढून आली. अरक्कू म्हणजे लाखेसारखा, काळपट तांबडा. त्याहून मळखाऊ रंग रेशमात मिळणार नाही, म्हणाली. दुकानात जाऊन कापड आणू या, असं अप्पा म्हणाले, तर तिने मान हलवली. सुती पातळ पडेल, टेरिकॉटन जाड पडेल, या साडीचं कापड बरोब्बर मधलं आहे. आत्याबाईंच्या घरी पहिल्यांदा जाते आहे, घर दिसलं पाहिजे अंगावर. नेसताना जे टोक कमरेला खोचलं जातं तिकडून तिने सव्वा वार कापला, पूर्ण बाह्यांना तेवढं लागतंच. तिची ती एकच चांगली साडी होती. अस्तराला अप्पांचं धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर. गळ्याला उभी पट्टी आणि पुढून सात हुक, हुकांची काजं हाताने विणलेली. आत काही घालता यावं म्हणून चारी बाजूंनी अर्धा अर्धा इंच सैल. तीन दिवस ती दुसऱ्या कोणाचं काम घेईना. अख्ख्या आयुष्यात मी अंगात घातलेलं ते सगळ्यात सुंदर कापड होतं, हे आज कबूल करायला माझं काहीच जात नाही.

पुण्याला पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सिंहगड. आत्यांच्या वाचनमंडळाच्या दहाबारा बायका, फाटकाशी उभी असलेली छोटी बस. श्रावण होता. अंगणात ऊन होतं आणि समोरच्या घरावर पाऊस पडत होता, असलं काही मी कधी पाहिलं नव्हतं. आत्या म्हणाल्या, "जा, जॅकेट घालून ये." मी आत गेले, अम्माचं जाकिट घातलं, त्यावर साडी ठीक केली, गळ्यापर्यंत सातही हुक लावले आणि मान ताठ करून बाहेर आले. आत्यांना चेहरे धूसर दिसायचे, त्या सगळं हाताने चाचपायच्या. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला, मग मनगटाला, मग परत दंडाला. "हे काय? हे तर ब्लाउज आहे."

मी म्हटलं, "हो, जाकिट. तुम्ही सांगटलं तसं." आम्ही 'सांगितलं'ला 'सांगटलं' म्हणतो. बायका आधी त्यावर हसल्या आणि मग जाकिटावर. एकीने तर बसच्या दांडीला धरलं, इतकं तिला हसू आवरेना. सगळ्यांत मोठ्याने माईआत्या हसल्या. त्याचा मला आजही संताप येतो. त्या दोन रस्ते पलीकडे जन्मल्या होत्या. एकोणीस वर्षं त्यांनी जाकिटाला जाकिटच म्हटलं असणार. त्यांना झालेला घोटाळा त्याच क्षणी कळला असणार, आणि 'अगं, आमच्याकडे असंच म्हणतात' एवढं एक वाक्य त्यांनी उच्चारलं असतं तर हसू तिथेच विरलं असतं. पण मग त्या 'आमच्याकडे'त त्याही आल्या असत्या. पन्नास वर्षं घासून घासून त्यांनी आपली जीभ पुण्याची केली होती, ती माझ्यासाठी कशाला विटाळतील?

गडावर वारा असा, की बोललेलं तोंडात परत जावं. ढग अंगावरून चालत गेले. सर आली, ऊन आलं, पुन्हा सर. सगळ्या बायकांनी आपापल्या जॅकेटच्या चेनी वर ओढल्या, खाली ओढल्या, टोप्या चढवल्या, उतरवल्या. मी रेशमात भिजून उभी. ओलं रेशीम अंगाला चिकटतं आणि मग वाळता वाळत नाही. आतलं धोतराचं अस्तर पाणी धरून बसलं. दात वाजत होते. पिठलं-भाकरीच्या झोपडीत चुलीपाशी मला बसवलं तेव्हा आत्यांनी विचारलं, शाळा तपासणीसासारख्या आवाजात, "मी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. हवा, बाह्या, गळा, सगळं. ते पत्र वाचलं कोणी?"

त्या विचारत होत्या ते जॅकेटबद्दल नव्हतं. ज्या मुलीला पत्र वाचून अर्थ लागत नाही, ती मला काय वाचून दाखवणार, हे त्या विचारत होत्या. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मला परतीची गाडी दिसली, घरच्या खिडकीपाशी बसलेले अप्पा दिसले, आणि मी म्हटलं, "अम्माने वाचलं."

"तरीच," आत्या म्हणाल्या. "मग ठीक आहे."

ठीकच झालं. महिना संपला, मी राहिले. आत्यांनी त्यांच्या मुलाचं जुनं करड्या रंगाचं विंडचीटर मला दिलं, डांबरगोळ्यांचा वास येणारं, आणि ते मी कॉलेजभर घातलं. अम्माचं जाकिट मी आत्यांकडे भांड्यांना येणाऱ्या बाईंना देऊन टाकलं. ते पेटीत दिसलं की मला गडावरची झोपडी आठवायची. आणि गंमत बघा, ज्या गोष्टीची मला लाज वाटत होती तीच माझं भांडवल झाली. कोणी नवं आलं की आत्या म्हणायच्या, "ती जॅकेटची गंमत सांग गं." सुरुवातीला मी मान खाली घालून सांगायची. पुढे मला हशा कुठे येतो ते कळायला लागलं. मी अम्माचा आवाज काढायला लागले, कात्री धरलेला हात दाखवायला लागले, तिच्या तोंडी 'सांगटलं' घालायला लागले. तिने विचारलेला प्रश्न मात्र मी कधीच सांगितला नाही, कारण तो सांगितला असता तर गोष्टीत मूर्ख कोण ते बदललं असतं.

तिसऱ्या वर्षी आत्यांची पंचाहत्तरी आली. त्यांनी हट्टाने अम्माला बोलावून घेतलं. अप्पांना रजा मिळेना, ती एकटीच दोन दिवसांचा प्रवास करून आली. हातात पिशवी, पिशवीत आत्यांसाठी घरची सांडगी मिरची आणि माझ्यासाठी चार नवी जाकिटं, नेहमीची, अर्ध्या बाह्यांची. समारंभाला ती अरक्कू साडीच नेसली. मी तिला निऱ्या घालताना पाहिलं. चार निऱ्या कशाबशा बसल्या, आणि पदर खांद्यावरून उतरून जेमतेम कमरेपर्यंत आला. ती सारखी तो खाली ओढत होती. मंडळातल्या एकीने विचारलंच, "तंजावरला पदर इतका आखूड घेतात का हो?" अम्मा म्हणाली, "हो, आमच्याकडे उकाडा फार." मी बाजूला उभी होते. सव्वा वार कुठे गेला ते मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं.

जेवणं झाली, बायका सतरंजीवर बसल्या आणि कोणीतरी म्हणालं, आता जॅकेटची गंमत होऊन जाऊ दे, आज तर खुद्द आईच आल्यात. मी नको म्हणू शकले असते. पोट दुखतं म्हणू शकले असते. मी उठले आणि सांगितली. तिचा आवाज काढला नाही, तेवढी लाज ठेवली, पण 'अम्माने पत्र वाचलं' हे सांगितलं, कारण तिथूनच तर गोष्ट सुरू व्हायची. अम्मा भिंतीला टेकून बसली होती. ते वाक्य आलं तेव्हा तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. उंची चुकलेल्या बाहीकडे बघायची तसं, कुठे उसवावं लागेल ते शोधत.

हसणं ओसरल्यावर माईआत्या म्हणाल्या, "वहिनी, खरंच तुम्ही वाचलं होतं ना ते पत्र?"

"हो वन्सं," अम्मा म्हणाली. "मीच वाचलं. ही सांगत होती की ते थंडीचं असेल म्हणून. मी ऐकलं नाही. मी अडाणी."

स्वतःचाच प्रश्न तिने माझ्या पदरात घातला. तिने विचारलेला, मी झिडकारलेला. बायकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. आणि आत्यांना हुक्की आली. मंडळाने त्यांना दिलेलं मानपत्र शेजारी होतं, ते उचलून त्यांनी अम्माच्या हातात ठेवलं. "आता हे वाचा बघू. तंजावरच्या उच्चारात ऐकू या सगळ्यांना."

अम्माने तो कागद हातात धरला. सुलटा धरला होता, तेवढं नशीब, वर फुलाचं चित्र होतं म्हणून. मला वाटतं, ती दहा अंक मोजेपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "चष्मा घरी राहिला, वन्सं." अम्माला चष्मा नव्हता. बारीकात बारीक सुईत ती नुसत्या डोळ्यांनी दोरा ओवायची. मी पुढे झाले, कागद तिच्या हातातून घेतला आणि सगळं मानपत्र खणखणीत वाचून दाखवलं. माझं वाचन तोवर फारच चांगलं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर तिने मला झापलं असतं तर बरं झालं असतं. तिने विचारलं एवढंच, "ते जाकिट कुठं आहे?" मी म्हटलं, एकीला देऊन टाकलं. ती म्हणाली, "बरं. तिच्या अंगाला आलं का?" मी म्हटलं, आलं. "खांद्यात?" खांद्यात जरा सैल होतं, मी म्हटलं. "मग चिमटा घ्यायला सांग तिला," असं म्हणून ती गाडीत चढली. बसल्यावर तिने पदर नीट केला, तो पुरला नाही, मग हात मांडीवर ठेवून बसली.

अम्माची पत्रं यायची ती तमिळ अक्षरांत, मराठी बोली तमिळ लिपीत, आणि ती मी स्वतःशीच वाचायची. त्यानंतर पाचसहा महिने पत्र आलं नाही. अप्पा ख्यालीखुशाली कळवत. मग एक दिवस कार्ड आलं. माझ्या नावावर होतं, पण अक्षर ओळखीचं नव्हतं. बाळबोध होतं. शाळेतल्या पहिलीतल्या पोराने गिरवावं तसं मोठं, एकेक अक्षर सुटं, डोक्यावरच्या रेघा टीप घातल्यासारख्या सरळ. आमच्याच रस्त्यावर राहणारी, हिंदी शिकवणारी एक मास्तरीण अम्माची गिऱ्हाईक होती. जाकिटं शिवून देऊन अम्मा तिच्याकडे शिकली, हे मला पुढे अप्पांनी सांगितलं. कार्डावर फार नव्हतं. लिहिलं होतं: "आता मला वाचता येतं. वन्संना सांग, काय वाचायचं ते पाठवा. तू सांगटलं ते खोटं राहिलं नाही."

मी ते उभ्याने दोनदा वाचलं. आत्या झोपाळ्यावर होत्या. घरात आलेला प्रत्येक बाळबोध कागद त्यांना वाचून दाखवायचा, हेच माझं काम होतं, त्यासाठीच तर मला ठेवलं होतं. कार्डाची चाहूल त्यांना लागली. म्हणाल्या, "कोणाचं गं? वाच की मोठ्याने."

मी वाचलं, "घरी सगळे खुशाल आहेत. पाऊस बरा आहे. तुम्हाला नमस्कार सांगितला आहे."